बिस्किटाच्या डब्याचा बंपर

मी जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकही माणूस खरं मानणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एकोणतीस वर्षं सौदीत, जुबैलच्या या कॅम्पात काढली. वाळूच्या वादळात उडालेली आमची पोर्टा केबिन तिसऱ्या दिवशी आपणहून जागेवर येऊन बसली, तेही कोणी मानलं नव्हतं. तेव्हा सवय आहे. पण चार सायकली, वर माणूस नाही, पुढे दोरी नाही, ताशी एकशे बत्तीसच्या वेगाने आमच्या गाडीला मागे टाकून गेल्या आणि त्याही डावीकडून, या देशाच्या नियमाप्रमाणे रीतसर डावीकडून, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"या डोळ्यांनी?" नीलेश म्हणाला. "नाना, त्या डोळ्यांनी काल तुम्ही मीठ म्हणून आमटीत साखर टाकलीत."

हा नीलेश संगमेश्वरचा. प्लांटमध्ये परांची बांधतो आणि कॅम्पात माझ्या शब्दाशब्दाला टाचणी लावतो. शुक्रवारची दुपार होती. गफूर जुम्याच्या नमाजाहून येऊन शेरी मासळी साफ करायला बसला होता. गफूर दाभोळचा, हुद्द्याने पाइपफिटर, आणि बावीस वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर घोरतो आहे. स्टोअरमधला उसामा दाराशी चपला काढून पाय पोटाशी घेऊन बसला होता. हा श्रीवर्धनचा, भोळा. माझ्या गोष्टीला असा एक माणूस लागतोच.

"हसायचं ते हसून घ्या," मी म्हणालो. "सायकलींवर हसा, माझ्या चष्म्यावर हसा. पण कॅंटीनमध्ये जो म्हणतो ना की भिकूचा जोड सुटला, त्याचं नाव मला सांगा. एकदाच सांगा."

"सगळेच म्हणतात," नीलेश म्हणाला.

हेच ते. यावरच माझं डोकं तापलं आहे. मी वेल्डर, आणि एकोणतीस वर्षांत माझ्या लोखंडाच्या एका जोडाला एक्स-रेमध्ये डाग नाही. आणि परवा पंकजसाहेब, हा सांगलीकडचा नवा वेल्डिंग सुपरवायझर, ज्याचा जन्म झाला तेव्हा मी पहिल्या शटडाउनला, प्लांट बंद ठेवून करतात त्या दुरुस्तीला, गेलो होतो, तो मला बोलावून म्हणतो, "भिकूकाका, बाहेर काहीतरी ऐकलं. बंपर का काय ते. तुम्ही मंगळवारी पुन्हा टेस्ट द्या. पास झालात तर शटडाउनला गॅसच्या लाइनवर तुम्हीच. नाहीतर फायर वॉचला बसा."

फायर वॉच! म्हणजे दुसऱ्याने वेल्डिंग करायचं, ठिणग्या उडवायच्या, आणि आपण आग विझवायचं लाल सिलिंडर मांडीशी घेऊन स्टुलावर बसायचं. ज्यांनी हातात कधी वेल्डिंगचा होल्डर धरला नाही त्यांना देतात ते काम. मी, भिकाजी तांडेल, गुहागरचा, स्टुलावर! कोणामुळे? एका बिस्किटाच्या डब्यामुळे.

तर तो डबा कुठून आला ते ऐका.

आपले यज्ञेशसाहेब तुम्हाला माहीत आहेत. पेणचे, इन्स्ट्रुमेंटचे इंजिनिअर, फॅमिली क्वार्टरमध्ये राहतात. स्वभावाने सज्जन. फक्त मोबाइलवर व्हिडिओ बघण्याचं वेड. तीन महिने त्यांनी एकच व्हिडिओ बघितला असेल, गाडीच्या मागे घर बांधून लोक कसे हिंडतात तो. ट्रॅव्हल ट्रेलर. आत बिछाने, आत चूल, आत फ्रिज, आत न्हाणी. थंडीचे दिवस आले की इथले लोक वाळवंटात तंबू टाकून बसतात, ते बघून साहेबांच्या मनात आलं, आपण चाकावरचं घर घेऊन समुद्रकाठी जाऊ. किशोरीवहिनी तर पहिल्या दिवसापासून तयार. दोन खोल्यांत बसून बसून त्यांना भिंतींचे रंग पाठ झाले होते.

एक परदेशी इंजिनिअर कायमचा मायदेशी निघाला होता. त्याच्या अंगणात असा एक ट्रेलर ताडपत्रीखाली चार वर्षं उभा होता. साहेब मला म्हणाले, "काका, तुम्ही लोखंडातले. बघायला या." मी गफूरला घेतलं. गफूरशिवाय मी लोखंडाकडे बघत नाही, सवय आहे.

तो गोरा एकेक दाखवत होता. टेबल मोडलं की पलंग होतो. पलंग मोडला की सोफा होतो. मी म्हणालो, सोफा मोडला की काय होतं? तो म्हणाला, सोफा मोडला की मोडतो. वहिनींनी चूल पेटवून बघितली, साहेबांनी फ्रिजचं दार बारा वेळा उघडलं. चौघांनी मिळून ते घर इतकं कौतुकानं बघितलं की माझ्याशिवाय मागच्या बाजूला कोणी गेलंच नाही.

मागे बंपर. चार इंची चौकोनी नळी, काळा रंग, दिसायला भरभक्कम. मी बोटाच्या पेरानं टकटक केलं. सांगतो, माझ्या कानाला लोखंड आवाजानं कळतं. पाव इंच जाडीचा पाइप वाजतो तो देवळातल्या घंटेसारखा. आणि हा कसा वाजला? बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखा. मी टोकाचं झाकण काढलं तर आतून एक गुंडाळलेली रबरी नळी डोकावली.

"हे काय?" मी विचारलं.

तो गोरा हसला. "संडासाच्या टाकीची. रिकामी करायला. बंपरमध्ये ठेवायची सोय आहे."

म्हणजे बघा! बंपर नव्हेच तो. संडासाची नळी ठेवायचं कपाट! त्याला पुढे दोन ठिपके वेल्डिंग करून चौकटीला चिकटवलेलं. चिकटवणाऱ्याच्या एका हातात तेव्हा चहाचा पेला असावा. मी तिथल्या तिथं म्हणालो, साहेब, या नळीवर टॉवेल वाळत घाला, दुसरं काही करू नका.

"खरंच म्हणालात?" उसामानं विचारलं.

"मनात म्हणालो. परक्याच्या दारात मोठ्यानं कसं म्हणणार?"

ट्रेलर घरी आला. आठ दिवस वहिनी त्यात पडदे लावत होत्या. मग प्रश्न निघाला सायकलींचा. साहेबांची गिअरची, वहिनींची लाल, पुढे टोपलीवाली, आणि दोन मुलांच्या दोन. वहिनींची अट एकच. समुद्रकाठी सायकल चालवायची. म्हणाल्या, या देशात येऊन सहा वर्षं झाली, आता कुठे बाई माणूस उघड्यावर सायकल चालवते आहे, तर मी माझी लाल सायकल नेणार. आत ठेवली तर माणसांनी कुठे बसायचं? छतावर ठेवली तर छत प्लायवूडचं. राहिलं काय? बंपर.

साहेब म्हणाले, "काका, तुम्ही स्टँड बनवा. चार सायकली उभ्या राहतील असा. आणि बंपर चौकटीला असा पक्का करा की मला पुन्हा बघावं लागता कामा नये."

मी सांगितलं, "साहेब, जोड मी असा देईन की प्रलयात बाकी सगळं वाहून जाईल, जोड राहील. पण नळी पातळ आहे."

साहेब म्हणाले, "मग लोड टेस्ट घेऊ."

आता इथं मला संताप येतो. साहेबांचाही येतो, माझाही येतो. आपण प्लांटची माणसं. आयुष्यभर पाइपाचे आधार बनवले, त्यांना वजन लटकवून टेस्ट घेतली, कागदावर सही केली, मोकळे झालो. साहेबांनी प्लांटमधून कोरा फॉर्म आणला. लोड टेस्ट सर्टिफिकेट! वस्तूचं नाव या रकान्यात लिहिलं, बंपर. जागेचं नाव, घराचं अंगण. सुरक्षेचे बूट घालून आले अंगणात.

पण आधी जोड. तो जोड कसा झाला ते ऐका, कारण सगळं भांडण तिथंच आहे. शनिवारी सकाळी मी मशीन लावलं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्यांचे त्रिकोण कापले. रंग खरवडून लोखंड चांदीसारखं काढलं. वेल्डिंगची काळी काच तोंडावर ओढली, रॉड टेकवला आणि असा एका दमात ओढत नेला की विचारू नका. मासळीच्या खवल्यांसारखी एकावर एक लाट. थंड झाल्यावर वहिनी बघायला आल्या, त्यांना वाटलं दागिना आहे. त्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "काका, हे असंच राहू दे, रंग नका देऊ."

गफूरची सुरी मासळीवर थांबली. मी आवाज चढवला आणि पुढे निघालो.

मग टेस्ट. वीस वीस किलोची तांदळाची सहा पोती स्टँडला टांगली. साहेब पट्टी घेऊन उकिडवे बसले. दर दहा मिनिटांनी बंपर किती वाकला ते मोजायचं. दहा मिनिटांनी शून्य. वीस मिनिटांनी शून्य. तासाभरानं शून्य. साहेबांनी सही केली, मी सही केली, गफूरनं साक्षीदार म्हणून सही केली. इतक्यात वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पण हे आता उभं आहे. रस्त्यावर हलेल ना?"

आम्ही तिघंही हसलो.

हो, हसलो! काय करणार! तीस वर्षांत आमचा एक पाइप कधी कुठे हिंडायला गेला होता? तो बिचारा जन्मभर एका जागी उभा. वजन म्हणजे वजन, तासभर पेललं म्हणजे जन्मभर पेललं, हेच आमच्या हाडात. साहेब वहिनींना म्हणाले, "अगं, एकशे वीस किलोला टेस्ट केलंय. सायकली सगळ्या मिळून साठ." वहिनी म्हणाल्या, "तांदूळ उड्या मारत नाही." आणि बश्या ठेवून आत गेल्या.

"वहिनींना सुपरवायझर करा," नीलेश म्हणाला.

"तेच म्हणतो मी! पण टेस्ट कोणाची घ्यायची ठरली? माझी!"

तर मागच्या शुक्रवारी निघालो. साहेब गाडी चालवायला, शेजारी वहिनी, मधल्या सीटवर दोन मुलं, आणि सगळ्यात मागे मी आणि गफूर, हत्यारांची पेटी पायाशी घेऊन. मागे ट्रेलर, आणि ट्रेलरच्या मागे चार सायकली, अशा ताठ उभ्या की जणू मिरवणुकीला निघाल्यात. खाफजीच्या रस्त्याला लागलो. उजवीकडे समुद्र, डावीकडे वाळू. साहेब शहाणे, नव्वदच्या वर काटा जाऊ दिला नाही. वहिनींनी डबा उघडला, घावन आणि नारळाची चटणी. सगळं छान.

पहिला धक्का बसला एका पुलाच्या सांध्यावर. धडाड! मी मागच्या काचेतून बघितलं. ट्रेलर आड येत होता, पण वळणावर सायकली दिसायच्या. त्या नाचत होत्या. उभ्या उभ्या, कंबर लचकवून. दुसरा सांधा, पुन्हा नाच. आणि मग सुटला शमाल. उत्तरेचा वारा, समोरून. सायकलींची चाकं फिरायला लागली. अगोदर हळू, मग जोरात. मग अशी की आठ चाकांच्या आठ थाळ्या झाल्या. त्या चाकांनी वारा मागे लोटायला सुरुवात केली, आणि गाडीचा काटा आपोआप वर चढायला लागला. साहेबांनी पाय उचलला तरी काटा वर! पेट्रोलचा काटाही वर चढला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण उतरायचा थांबला होता.

"समोरच्या वाऱ्यानं गाडी पुढे?" नीलेश म्हणाला.

"तू परांची बांध. वाऱ्याचं तुला काय कळतं?"

"परांचीवर वाराच तर असतो."

"गफूरचाचा," उसामानं विचारलं, "खरंच चाकं अशी फिरली?"

गफूर खाली बघून म्हणाला, "मी डोळे मिटले होते. मला गाडी लागते."

तिसरा सांधा आला. कर्रर्र असा आवाज. असा आवाज मी एकदाच ऐकला आहे, पत्र्याची डबी चाकूनं उघडताना. आणि मग शांतता. मी म्हणालो, साहेब, काहीतरी हलकं झालं. इतक्यात साहेबांची थोरली मुलगी डाव्या खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, "पप्पा, अवर बाइक्स आर ओव्हरटेकिंग अस."

बघतो तर काय! बंपर सायकलींसकट तुटून खाली आला होता. पण आला तो आठही चाकांवर. आणि स्टँड मी बनवलेला, काटकोनात. चार सायकली एकमेकींना धरून, मध्ये बंपर पाळण्यासारखा लटकलेला, आणि चाकांना तो एवढा वेग आधीच मिळालेला. थांबतील कशाला? गेल्या आमच्या शेजारून. वहिनींच्या लाल सायकलीच्या टोपलीत त्यांची टोपी होती, तीसुद्धा उडाली नाही. मागून बंपरच्या तोंडातून ती संडासाची नळी बाहेर पडली होती आणि शेपटासारखी वळवळत चालली होती. एका ट्रकवाल्यानं, मल्याळी असावा, त्यांना वाट दिली. माणसासारखा हात दाखवला. आम्हाला मात्र हॉर्न मारला!

"बाजूला घेताना सायकलींनी इंडिकेटर दिला का, नाना?"

"घंटी वाजवली. चारही घंट्या."

वहिनी ओरडल्या, "यज्ञेश, पकड त्यांना!" साहेबांनी गाडी दामटली. पण मागे घर बांधलेलं, त्यांच्या मागे काय? काही नाही. त्या सुटल्या. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यापाशी फटकन उजेड पडला, त्यांचा फोटो निघाला. एक उंटाचं पिल्लू त्यांच्याबरोबर पळून बघत होतं, अर्ध्या किलोमीटरात दमलं, बसलं. आणि दंडाचं ऐका. आता म्हणाल, सायकलीला नंबरप्लेट कुठे असते? नसते. पण ट्रेलरची नंबरप्लेट कुठे लावलेली असते? बंपरवर! दोन दिवसांनी साहेबांच्या मोबाइलवर दंड आला. वेग एकशे बत्तीस. आणि आमची गाडी शंभरला. आता सांगा, एकशे बत्तीस कोण होतं? हा सरकारी पुरावा आहे!

नीलेश बोटांवर आकडे मोजायला लागला. उसामानं मान डोलावली. मी मनात म्हटलं, जमलं.

"मग थांबल्या कुठे?" उसामानं विचारलं.

"पेट्रोल पंपावर. वीस किलोमीटर पुढे. पंपाच्या कडेला हवा भरायची नळी असते ना, तिथं ओळीनं उभ्या. पंपावरचा माणूस बांगलादेशी होता. तो म्हणाला, मालक कुठे गेले ते दिसलं नाही, तर मी पुढच्या चाकात हवा भरून ठेवली आहे."

नीलेशनं हात जोडले. "खलास. नाना, खलास. आता मासळी खाऊ."

"थांब!" मी म्हणालो. "गोष्ट इथून सुरू होते."

आणि खरंच तिथून सुरू होते. कारण त्या पंपावर, वाळू तोंडात, मुलं रडताहेत, वहिनी लाल सायकलीचं वाकलेलं हँडल धरून उभ्या आहेत, अशा वेळी यज्ञेशसाहेब माझ्याकडे वळले आणि पहिलं वाक्य काय बोलले? "काका, तुमचा जोड सुटला."

मी पाहिलंसुद्धा नव्हतं तोवर. मी बंपर उलटा केला, बघितला. मग ट्रेलरच्या मागे गेलो, बघितलं. जोड जागच्या जागी! चौकटीला घट्ट, त्रिकोणी पट्ट्या तशाच, एक खवला हललेला नाही. फाटली होती ती नळी. जोडापासून बोटभर अंतरावर, कागद फाटावा तशी. जोडाला नळीची एक चिंधी चिकटून राहिली होती. मी साहेबांना हात धरून नेलं. म्हणालो, बघा! बोट लावून बघा! तुम्ही बिस्किटाचा डबा विकत घेतलात, तांदूळ टांगून त्याला सर्टिफिकेट दिलंत, आणि आता माझा जोड सुटला म्हणता?

साहेब म्हणाले, "हो हो, ठीक आहे काका, आता उन्हात नको."

उन्हात नको! आणि रविवारी ऑफिसात सावलीत बसून काय सांगितलं? लोक विचारत होते, सहल कशी झाली, सायकलींना काय झालं. साहेब म्हणाले, बंपरचं वेल्डिंग गेलं. झालं. दोन शब्दांत मोकळे. "मी पातळ नळी घेतली आणि बायकोचं ऐकलं नाही" हे सांगायला वेळ लागतो, लाजही वाटते. "वेल्डिंग गेलं" यात लाज कोणाची? वेल्डरची! सोमवारी ते कॅंटीनमध्ये पोचलं, मंगळवारी यार्डात, आणि बुधवारी पंकजसाहेबाच्या कानात. या सगळ्यात एका माणसानं, एका माणसानं म्हटलं का, चला जाऊन जोड बघू?

"तुम्ही दाखवा मग," नीलेश म्हणाला. आता त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. "पंकजसाहेब वाईट माणूस नाही. जोड बघितला तर ऐकेल."

मी खाटेखाली वाकलो. टॉवेलात गुंडाळलेलं ते बाहेर काढलं. सोमवारी मी साहेबांच्या अंगणात जाऊन ग्राइंडरनं कापून आणलं होतं. चौकटीचा तुकडा, जोड, आणि त्याला लटकलेली नळीची चिंधी. मी टॉवेल उलगडला आणि नीलेशच्या मांडीवर ठेवला.

नीलेश बराच वेळ बघत राहिला. अंगठा फिरवला. मग उसामाकडे दिला. "आयला," तो हळूच म्हणाला. "नाना, हा खरंच सुरेख आहे."

"माशाल्ला," उसामा म्हणाला.

मला कसं वाटलं सांगू? आठवडाभर माझ्याकडे बघून लोक ताटात डोकं घालत होते. आता हा नीलेश, ज्यानं माझं एक वाक्य कधी सरळ जाऊ दिलं नाही, तो त्या जोडावरून डोळे काढत नव्हता. मी उठून उभा राहिलो. बोललो, आणि बोलायला नको होतं इतकं बोललो.

"रविवारी सकाळी हा पंकजसाहेबाच्या टेबलावर ठेवतो! त्याच्या चहाच्या पेल्याशेजारी. म्हणतो, हा घ्या माझा जोड. शंभराच्या वेगानं, शमालात, तीन पुलांचे सांधे खाऊन उभा राहिलेला. लोखंड फाटलं, हा नाही फाटला. यापेक्षा मोठी टेस्ट तुमच्या वर्कशॉपात आहे का? असेल तर दाखवा, नसेल तर मंगळवारचा कागद फाडा. आणि शटडाउनला गॅसच्या लाइनवर माझं नाव लिहा, जसं एकोणतीस वर्षं लिहिलं तसं!"

"तो ऐकेलच," नीलेश म्हणाला. "हा बघितल्यावर टेस्ट कशाला घेईल? नाना, मीच येतो तुमच्याबरोबर. मी सांगतो त्याला."

"ये! यल्ला! सगळेच या!"

गफूर उठला. हात धुतले. सावकाश, साबण लावून, नखांतले खवले काढून. टॉवेलला पुसले. मग उसामाच्या हातातून तो तुकडा घेतला आणि खिडकीशी जाऊन उजेडात धरला. मी म्हणालो, "बघ, बघ, गफूर, तूही साक्षीदार आहेस." तो माझ्याकडे वळला नाही. बाहेर बघत राहिला. बावीस वर्षांत माझी एकही गोष्ट त्यानं अडवलेली नाही. पोर्टा केबिन परत आली तेव्हाही तो म्हणाला होता, आली असेल.

"भिकू," तो म्हणाला, "सायकली एकशे बत्तीसनं गेल्या. मी मानलं. पंपावर हवा भरून घेतली, तेही मानलं. घरी जाऊन जुबेदालाही सांगेन, पोरांनाही सांगेन, खरं म्हणून सांगेन."

"मग?"

"पण हा जोड तुझा नाही."

नीलेश माझ्याकडे बघायला लागला.

"काच ओढल्यावर तुला जोडाची रेघच दिसत नव्हती," गफूर म्हणाला. आवाज चढवला नाही, मासळीचा भाव सांगावा तसा. "तीनदा तू रॉड पट्टीला चिकटवलास. चौथ्यांदा बाजूलाच मारलास. मग होल्डर माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, साहेब आत आहेत तोवर उरक. हा मी मारलाय. टॉवेलात गुंडाळून तू पंकजसाहेबाकडे नेशील, तो टेस्ट घेणार नाही, आणि गॅसच्या लाइनवर तुझं नाव लिहील. त्या लाइनखाली परांचीवर हा नीलेश उभा असतो."